पान गडचिरोलीचं, विडी सोलापूरची : वन-कार्बनच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

"सोलापूरची मुलगी आणि जंगलाचं काम?" हा प्रश्न मला नोकरीच्या मुलाखतीत विचारला गेलाय आणि लग्नाच्या पंगतीतही. विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही. आमच्याकडे माळरान आहे, ज्वारी आहे, एप्रिल-मेमध्ये डांबर वितळवणारं ऊन आहे. जंगल म्हणावं असं काही नाही. माझं उत्तर मात्र ठरलेलं आहे. जंगल आमच्या घरात पोत्यातून यायचं.

माझी आई विडी कामगार. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत, विडी कामगारांसाठी बांधलेल्या दहा हजार घरांपैकी एका घरात मी वाढले. रात्रीची भांडी झाली की आई तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. पहाटे पत्र्याचं माप ठेवून ती कात्रीने कापायची आणि मग मांडीवर सूप घेऊन बसायची. हिशेब हजाराचा. पान फाटकं निघालं, किडकं निघालं, तरी हजार म्हणजे हजार. कमी पडलेलं पान पदरचे पैसे घालून आणायचं आणि तपासणीत विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढल्या, तर तेवढी मजुरी गेली. पान बारीक आलं की शेजारची अक्का म्हणायची, "तिकडं काहीतरी गडबड झाली असेल." तिकडं म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, त्याच्याही पलीकडे. ते नकाशात कुठे आहे हे आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं.

ती 'गडबड' मला कळली कॉलेजात. १९८० च्या सुमारास नक्षलवादी दलं गोदावरी ओलांडून गडचिरोलीत आली, तेव्हा लोकांना आपल्याकडे वळवण्यासाठी त्यांनी जे प्रश्न हाती घेतले, त्यांत तेंदू तोडणीचा दर हा मोठा प्रश्न होता. सत्तर पानांचा एक पुडा, शंभर पुड्यांना अमुक मजुरी, आणि ती ठेकेदार ठरवणार. पुढे त्याच ठेकेदारांकडून वसूल होणारी खंडणी हा त्या दलांच्या पैशाचा मोठा स्रोत बनला. म्हणजे एका बाजूला पान तोडणारी बाई, दुसऱ्या बाजूला विडी वळणारी माझी आई, आणि मधल्या वाटेवर ठेकेदार, बंदूक, वनखातं. जंगलातून पैसा निघतो तेव्हा तो कुणाच्या हातून जातो आणि कुणापर्यंत पोचतच नाही, हा या क्षेत्राचा गाभा आहे. बाकीचं तंत्र शिकता येतं. हा लेख मुख्यतः या गाभ्याबद्दल आहे, कारण नव्याने येणाऱ्यांना तो कुणी नीट सांगत नाही असा माझा अनुभव आहे.

आधी हे काम काय आहे ते थोडक्यात. झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि लाकडात, मुळांत, मातीत साठवतात. जंगल तोडलं, जाळलं की तो परत हवेत जातो. तेव्हा जंगल राखणाऱ्या देशाला किंवा गावाला जगाने मोबदला द्यावा, अशी ही कल्पना आहे. २००५ साली माँट्रियलच्या हवामान परिषदेत पापुआ न्यू गिनी आणि कोस्टारिका यांनी ती मांडली, २००७ मध्ये बालीत ती वाटाघाटींच्या मुख्य प्रवाहात आली, २०१० मध्ये कानकूनला स्थानिक लोकांचे हक्क जपण्याच्या अटी जोडल्या गेल्या आणि २०१३ मध्ये वॉर्सात नियमांची चौकट पूर्ण झाली. या सगळ्याला रेड-प्लस म्हणतात. पैसा दोन वाटांनी येतो. एक सरकारी वाट : नॉर्वेसारखा देश किंवा जागतिक बँकेचा निधी, 'तोड कमी झाल्याचं दाखवा, टनामागे इतके डॉलर घ्या' असा करार करतो. दुसरी बाजाराची वाट : एखादा प्रकल्प क्रेडिट, म्हणजे वाचवलेल्या एकेका टन कार्बन डायऑक्साइडची प्रमाणपत्रं, तयार करतो आणि कंपन्या आपल्या उत्सर्जनाच्या भरपाईसाठी ती विकत घेतात. दोन्हींची कागदपत्रं, दोन्हींची भाषा आणि दोन्हींतली माणसं वेगळी आहेत. नोकरी शोधताना आपण कुठल्या वाटेवर उभे आहोत हे आधी समजून घ्या.

मोजणीचं गणित घाबरण्यासारखं नाही. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजायचा, त्यावरून व्यास, व्यास आणि लाकडाच्या घनतेवरून झाडाचं कोरडं वजन. त्या वजनाचा साधारण ०.४७ भाग कार्बन धरतात आणि कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करायला ४४ भागिले १२ ने गुणतात. एका हेक्टरवर १०० टन कोरडं वजन असेल, तर ४७ टन कार्बन, म्हणजे सुमारे १७२ टन कार्बन डायऑक्साइड. बी.एस्सी.च्या मुलीला हे एका दुपारी येतं. मला आलं, आणि आपल्याला हे क्षेत्र कळलं असं वाटलं.

तो समज गडचिरोलीच्या एका गावात गेला. एम.एस्सी. झाल्यावर पुण्याच्या एका सल्लागार कंपनीत मला नोकरी लागली होती. पहिल्याच उन्हाळ्यात आम्हा चौघांना छत्तीसगडच्या सीमेकडच्या एका गावात मोजणीला पाठवलं. आमच्याकडे वनखात्याचं पत्र होतं आणि सरपंचांची सही होती. ठरल्याप्रमाणे आम्ही जंगलात चौकोन आखले, कोपऱ्यांवर लोखंडी खुंट्या ठोकल्या, झाडांवर लाल रंगाने आकडे घातले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या खुंट्या उपटून समाजमंदिरासमोर ढीग घातलेला होता. कुणी ओरडलं नाही, कुणी अंगावर आलं नाही. एक म्हातारी बाई पुढे आली आणि तिने माडिया भाषेत काहीतरी विचारलं. एका मुलाने आम्हाला मराठीत सांगितलं : "आजी विचारते, झाडांना रंग लावायला कुणी सांगितलं?"

त्या भागात झाडावर रंगाचा आकडा पडतो तो तोडीसाठी. तिच्या आयुष्यात आकडे घालणारी माणसं आली आणि पुढच्या वर्षी ट्रक आले, असंच घडत आलं होतं. गावाला सामूहिक वनहक्क मिळून फार वर्षं झाली नव्हती. आता तेही काढून घेणार, असं सगळ्यांना वाटलं. मग आम्ही दोन दिवस ग्रामसभेसमोर बसलो. तिथे विचारलेले प्रश्न मी वहीत लिहून ठेवलेत. झाड आमचं, मग त्यातला कार्बन कुणाचा? पैसा कुणाच्या खात्यात येणार? तीस वर्षांचा करार म्हणता, तर तीस वर्षांनी माझा नातू गावाचा कारभार बघेल, त्याने हे मोडायचं ठरवलं तर? सरपण आणायचं की नाही? तेंदू तोडायचा की नाही? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आम्हा चौघांकडे नव्हतं, कारण ते प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारलेच नव्हते.

पुढे कंपनीच्या अहवालात 'ग्रामस्थांची संमती मिळाली' एवढं एक वाक्य आलं. मी आक्षेप घेतला. हे दोन दिवस, हे प्रश्न, उपटलेल्या खुंट्या सगळं लिहावं, असं म्हटलं. ते छापलं गेलं नाही. आठ महिन्यांनी मी ती नोकरी सोडली. मला त्याचा आजही राग आहे, कारण त्या वाक्यावर पुढे कुणीतरी दूर बसून पैसे लावणार होतं आणि ती म्हातारी त्या वाक्यात कुठेच नव्हती.

आपल्याकडे हे समजायला परदेशी सिद्धान्त लागत नाही. मोहोळ तालुक्यात आमची वडिलोपार्जित चार एकर आहे. सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली तीन माणसं हयात नाहीत, दोघी आत्यांची नावं लागायचीच राहिली. विहिरीवर वीज येईपर्यंत कुणाला काही पडलेलं नव्हतं. पाणी आलं, दर वाढला आणि मग भाऊबंदकी सुरू झाली. जमिनीची किंमत वाढली की जुना गोंधळ भांडण होऊन वर येतो. जंगलाला टनामागे डॉलर लागले की हेच होतं, फक्त तिथे बऱ्याचदा लोकांच्या हातात बंदुका असतात, किंवा त्या नुकत्याच खाली ठेवलेल्या असतात.

लायबेरियाचं उदाहरण मी प्रत्येक नव्या मुला-मुलीला देते. तिथे १९८९ ते २००३ या काळात दोन यादवी युद्धं झाली. चार्ल्स टेलरच्या राजवटीत लाकूड विकून शस्त्रं येत होती, म्हणून २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने लायबेरियाच्या लाकडावर बंदी घातली. २००६ मध्ये बंदी उठली, नवा वनकायदा आला. २०१४ मध्ये नॉर्वेने जंगल राखण्यासाठी १५ कोटी डॉलरपर्यंत मदतीचा करार केला. २०१८ मध्ये जमीन हक्क कायदा झाला आणि पिढ्यान् पिढ्या वहिवाटीत असलेली जमीन ही त्या समाजाची, असं लेखी आलं. या कायद्याखाली गावांच्या हद्दी आखून कागद हातात द्यायला वर्षं लागतात. ते चालू असतानाच २०२३ मध्ये दुबईच्या एका कंपनीबरोबर सुमारे १० लाख हेक्टरच्या कार्बन हक्कांचा करार सरकारच्या विचाराधीन असल्याचं बाहेर आलं. म्हणजे देशाची जवळजवळ एक दशांश जमीन. गावांच्या सातबाऱ्याचं काम पुरं व्हायच्या आधी कार्बनचा सौदा. यात कुठला कायदा मोडला की नाही हा वकिलांचा विषय आहे. ज्या देशात लाकडाच्या पैशावर युद्ध चाललं, त्या देशात हा क्रम उलटा लागणं धोक्याचं आहे, असं मला ठामपणे वाटतं.

शेजारच्या सिएरा लिओनमध्ये गोला जंगलाचा प्रकल्प आहे. १९९१ ते २००२ तिथे युद्ध होतं, हिऱ्यांमुळे ते जगाला माहीत झालं. २०११ मध्ये सुमारे ७० हजार हेक्टरचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि आज त्याच्या खर्चाचा बराच भार कार्बन क्रेडिटवर आहे. सभोवतालच्या सात चीफडमशी, म्हणजे पारंपरिक प्रमुखांच्या इलाख्यांशी, करार आहेत, कोकोच्या शेतकऱ्यांना मदत आहे. इथे पैसा गावापर्यंत कोणत्या वाटेने जातो हे कागदावर शोधता येतं. प्रकल्पाचे कागद वाचायला शिकायचं असेल, तर मी यापासून सुरुवात करायला सांगते.

नेपाळचं उदाहरण तर आपल्याला फारच जवळचं. १९९६ ते २००६ माओवादी युद्ध, नोव्हेंबर २००६ मध्ये शांतता करार. २००९ मध्ये तीन पाणलोट क्षेत्रांत एक प्रयोग सुरू झाला : चितवनमध्ये कयारखोला, दोलखामध्ये चर्नावती आणि गोरखामध्ये लुदीखोला. गोरखा हा युद्ध जिथे सुरू झालं त्या जिल्ह्यांपैकी एक. १०५ सामुदायिक वन गट त्यात होते. पैसे वाटायचं सूत्र त्यांनी असं केलं की ४० टक्के वजन कार्बनला, म्हणजे जंगलात किती साठा आहे आणि किती वाढला याला. उरलेल्या ६० टक्क्यांत आदिवासी जनजातींना १०, दलितांना १५, स्त्रियांना १५ आणि गरीब घरांना २०. २०११ मध्ये पहिलं वाटप झालं तेव्हा सगळी रक्कम मिळून सुमारे ९५ हजार डॉलर होती. इतक्या गटांत वाटल्यावर फार नाही. पण ज्या भागात 'आमचा वाटा कुठे' या प्रश्नावर दहा वर्षं रक्त सांडलं, तिथे वाट्याचं सूत्र भिंतीवर लिहिलं जाणं मला मोठं वाटतं. नंतर २०२१ मध्ये तराईतल्या १३ जिल्ह्यांसाठी जागतिक बँकेच्या निधीशी करार झाला. टनाला ५ डॉलर, एकूण साडेचार कोटी डॉलरपर्यंत. रक्कम मोठी झाली की सूत्राची परीक्षाही मोठी होते, तेव्हा या कराराचे लाभवाटपाचे कागद जरूर वाचा.

आता कोलंबिया. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण शांतता आणि जंगल यांचा संबंध सरळ असतो हा गैरसमज इथे मोडतो. सरकार आणि फार्क बंडखोर यांच्यात नोव्हेंबर २०१६ मध्ये करार झाला. जंगलतोड कमी होईल अशी साधी अपेक्षा. सरकारी आकडे बघा : २०१६ मध्ये १ लाख ७८ हजार हेक्टर, २०१७ मध्ये जवळजवळ २ लाख २० हजार हेक्टर. वाढली! कारण फार्कच्या ताब्यातल्या भागात किती झाडं तोडायची यावर त्यांचेच नियम होते, दंड होते; विमानातून दिसू नये म्हणून त्यांनाही झाडांची सावली हवी होती. ते शस्त्र ठेवून गेले आणि त्यांची जागा घ्यायला सरकार वेळेत पोचलं नाही. काकेता, मेता, ग्वाविआरे भागात जमीन बळकावणारे शिरले, जंगल पेटवलं, गुरं सोडली. गुरं चरताहेत म्हणजे जमीन वापरात आहे, वापरात आहे म्हणजे उद्या नावावर होईल, असा तो हिशेब.

पुढचा भाग त्याहून महत्त्वाचा. २०२३ मध्ये तोड ७९ हजार हेक्टरवर आली. कितीतरी वर्षांतली सगळ्यात कमी. त्याचं श्रेय सरकारी कार्यक्रमांना दिलं गेलं, आणि काही अंशी त्या भागात पुन्हा बळ धरलेल्या सशस्त्र गटाने लादलेल्या तोडबंदीलाही. २०२४ मध्ये आकडा पुन्हा १ लाख १३ हजारांवर गेला. आता तुम्ही तोड कमी झाल्याचे पैसे देणारे अधिकारी आहात असं समजा. २०२३ ची घट कुणाची? पैसे कुणाला द्यायचे? आणि मोबदला ठरवताना आपण मागच्या काही वर्षांच्या तोडीची सरासरी बेसलाइन म्हणून धरतो. ती युद्धाच्या वर्षांची धरली तर शांततेनंतरची वाढ त्यात दिसत नाही, आणि प्रामाणिकपणे काम करणारं गावही 'अपयशी' ठरतं. शांततेनंतरच्या गोंधळाची धरली, तर पुढे काहीही न करता यश दिसतं. उपग्रहाच्या चित्रात हिरवं आणि तपकिरी दिसतं, तोडबंदी कुणी घातली ते दिसत नाही. म्हणून आकडे हाताळणाऱ्याने त्या जिल्ह्याचा इतिहास वाचायलाच हवा. मी स्वतः आता कुठलीही बेसलाइन तपासताना आधी वर्षांची एक उभी पट्टी काढते आणि शेजारी युद्ध, करार, निवडणुका, विस्थापन लिहिते. अर्ध्या दिवसाचं काम आहे. आलेखातले अचानकचे चढउतार त्यातून बऱ्याचदा उलगडतात.

जोखमीबद्दल एकच गोष्ट. बाजारातल्या प्रकल्पांना क्रेडिटचा काही भाग न विकता राखीव साठ्यात टाकावा लागतो, जंगल जळालं किंवा तोडलं गेलं तर भरपाई म्हणून. किती टाकायचा हे ठरवताना त्या देशाचा कारभार किती स्थिर आहे याचेही गुण धरतात. परिणामी अस्थिर देशातल्या गावाला त्याच एका टनामागे कमी हाती लागतं. नियम विमा म्हणून बरोबर आहे. पण शांततेसाठी पैशाची सर्वात जास्त गरज तिथेच असते. यावर चांगला उपाय सुचवणाऱ्या तरुण माणसाची या क्षेत्राला फार गरज आहे.

थोडं सोलापूरबद्दल बोलते, कारण इथून शिकण्यासारखं खूप आहे आणि आपली मुलं ते सोडून दूर बघतात. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी आपल्याकडे अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र ८ हजार ४९६ चौरस किलोमीटर! त्यात शेतं होती, गावं होती, बाजार होते. जमिनीचे व्यवहार अडले, परवानग्या अडल्या. पक्षी वाचावा असं वाटणारा शेतकरीही 'माळढोक' हे नाव निघालं की चिडायला लागला. पुढे ते क्षेत्र बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणावं लागलं. लोकांना न विचारता आखलेली रेघ पुसायला तीस वर्षं लागली, आणि तोवर माळढोक जवळजवळ दिसेनासा झाला. नान्नजच्या माळावर एकदा पहाटे जाऊन या. तिथलं गवत, काळवीट, लांडगे बघा आणि तिथे मेंढ्या घेऊन येणाऱ्या धनगरांशी बोला. मग कुणी मोकळ्या माळावर झाडं लावून कार्बन कमवायची योजना आणली, तर तुम्हाला लगेच कळेल की ही जमीन ओसाड नाही, ती माळरान आहे आणि तिच्यावर कुणाचं तरी पोट आहे.

आणि मेंढा-लेखा. गडचिरोलीतल्या या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला, १,८०० हेक्टरच्या आसपास जंगलावर. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने गावाच्या हातात आले. संघर्षग्रस्त म्हणून नोंद असलेल्या जिल्ह्यात बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात जमा झाला आणि त्याचा हिशेब सगळ्यांसमोर वाचला गेला. कार्बनचा 'क' न काढता झालेलं हे काम, पण लाभवाटप म्हणजे काय हे शिकायला याहून जवळचं ठिकाण नाही. जगभरचे कागद ज्याला 'मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती' म्हणतात, ती प्रत्यक्षात कशी घ्यायची हे तिथल्या एकमताने निर्णय घेण्याच्या पद्धतीत दिसतं. घाई नसते. एकाचाही विरोध असेल तर बैठक पुढे.

आता अभ्यासाचं. पदवी वनस्पतीशास्त्राची असो, भूगोलाची, समाजकार्याची की कायद्याची, या कामात सगळ्यांना जागा आहे. नकाशे करता येत असतील तर पहिली नोकरी लवकर मिळते, म्हणून क्यूजीआयएस शिका. ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. ग्लोबल फॉरेस्ट वॉच या संकेतस्थळावर कुठल्याही जिल्ह्याची तोड वर्षवार बघता येते. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचं हवामानविषयक शास्त्रीय मंडळ, त्याची २००६ ची मार्गदर्शक तत्त्वं फुकट उपलब्ध आहेत. त्यातला चौथा खंड शेती आणि जंगलाचा. तो सलग वाचायला जाऊ नका, एखादं गणित हातात घेऊन वाचा. सगळ्यात मोठी शाळा म्हणजे कार्बन क्रेडिटना मान्यता देणाऱ्या व्हेरा या संस्थेची खुली नोंदवही. तिथे प्रकल्पांचे शेकडो पानांचे दस्तऐवज कुणालाही वाचता येतात. मी नोकरी सोडल्यावरच्या पाच महिन्यांत हिराचंद नेमचंद वाचनालयात दुपारी बसून असे बावीस दस्तऐवज वाचले. प्रत्येकातून तीनच गोष्टी वहीत काढायची : जमीन कुणाच्या नावावर, पैसा कुणाच्या खात्यात, तक्रार कुठे करायची. त्या वहीमुळेच मला पुढची नोकरी, म्हणजे प्रकल्पांची बाहेरून तपासणी करणाऱ्या गटातलं काम मिळालं. मुलाखतीत त्यांनी पदवीपेक्षा त्या वहीबद्दल जास्त विचारलं. आता मी बहुतेक काम सोलापुरातूनच करते, महिन्याकाठी एकदा पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाते.

भाषेची भीती सोडा. आपल्या वसाहतीत नळावर तेलुगू, दुकानात कन्नड, शाळेत मराठी आणि रिक्षात दखनी ऐकत आपण वाढलेलो. चौथी-पाचवी भाषा कानावर पडली की आपण बिचकत नाही, ही मोठी शिदोरी आहे. काँगोसाठी फ्रेंच लागतं, कोलंबियासाठी स्पॅनिश. २०२१ मध्ये ग्लासगोला काँगोच्या जंगलांसाठी ५० कोटी डॉलरचा करार जाहीर झाला, तेव्हापासून फ्रेंच येणाऱ्या माणसांना मागणी आहे. मी दोन वर्षं रोज सकाळी एक तास फ्रेंच केलं. बोलायला अडखळते, पण कागद वाचता येतो.

एक गोष्ट कुठल्याच अभ्यासक्रमात मला सापडली नाही, ती इथे सांगते. बैठकीला कोण आलं याची सह्यांची यादी आपण पुरावा म्हणून जोडतो. शांत जिल्ह्यात तो कागद असतो. जिथे दोन सशस्त्र बाजू आहेत, तिथे 'बाहेरच्यांच्या बैठकीला कोण गेलं' याची ती यादी ठरते. ती चुकीच्या हातात पडली तर माणसाचा जीव जाऊ शकतो. फोटोचंही तेच, मोबाइलमधल्या ठिकाणाच्या नोंदीचंही तेच. नावांऐवजी संख्या, सहीऐवजी ग्रामसभेचा ठराव, चेहऱ्याऐवजी पाठमोरा फोटो, असं काय चालेल हे तपासणाऱ्यांशी आधी बोलून घ्या. तक्रारपेटी कुठे लावली आहे तेही बघा. ती पोलीस चौकीच्या भिंतीवर असेल, तर त्या गावात तिच्यात कागद पडणार नाही आणि अहवालात 'एकही तक्रार नाही' असं येईल.

कुणी नोकरी देऊ केली तर करार वाचून घ्या, आणि गावाशी बोलायला किती दिवस ठेवलेत हे विचारा. मोजणीला वीस दिवस आणि बैठकीला एक दिवस, असं उत्तर आलं तर मी ती नोकरी घेऊ नका असंच सांगेन.

आई आता विड्या वळत नाही, डोळे साथ देत नाहीत. मी काम करत असते तेव्हा ती शेजारी शेंगा सोलत बसते आणि काय चाललंय ते विचारते. मागच्या आठवड्यात एका देशाच्या लाभवाटपाचा आराखडा मी तपासत होते. गरीब घरांना वेगळा वाटा आहे, असं मी तिला कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "गरीब कोण, हे कोण ठरवतं?" मी म्हटलं, नेपाळात वन गट स्वतः एकत्र बसून घरांची वर्गवारी करतात. "मग त्या बैठकीत बाया बोलतात का? का आमच्या छाटीसारखं, एकजण बघतो आणि बाजूला काढतो?" आराखड्याच्या एकशे चाळीस पानांत तिच्या प्रश्नाला धरून एक ओळ नव्हती. मी तो प्रश्न जसाच्या तसा इंग्रजीत लिहून प्रकल्पाच्या लोकांना पाठवलाय. उत्तरासाठी त्यांना पंधरा दिवसांची मुदत आहे.